दाराचं माप

बारावीनंतर मी लाकूडकाम शिकायला जाणार, हे घरात जाहीर झालं तेव्हा काका चहाला आले होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “त्यासाठी कॉलेज कशाला हवं? येरवड्याला आत गेलं की सुतारकाम फुकट शिकवतात. वर दोन वेळचं जेवण.” बाबा हसले नाहीत, पण त्यांनी काकांना गप्पही केलं नाही. आईनं काकांना दुसरा कप विचारला नाही. आईचा निषेध एवढाच असायचा आणि तो बरोबर पोचायचा.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. आम्ही शनिवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि त्यांनी माझ्यासाठी आखलेला रस्ता सरळ होता: बी.कॉम., टायपिंग, बँक. मी काही बंडखोर वगैरे नव्हते. मला नुसतं बसून राहायचा कंटाळा होता, आणि बाबांच्या रस्त्यावर जिकडेतिकडे बसायचंच होतं. नदीपलीकडच्या सरकारी तंत्रनिकेतनात लाकूडकामाचा अभ्यासक्रम आहे, हे मी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत वाचलं. खाली ‘मुले व मुली’ असं स्पष्ट छापलं होतं. ‘व मुली’ हे सगळ्याच जाहिरातींत छापायची पद्धत होती, खरोखर कोणी येईल असं त्यांच्या मनातही नव्हतं, हे मला प्रवेश मिळाल्यावर कळलं.

बाबांशी तह झाला. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, आणि त्यानंतर एक वर्ष कुठल्यातरी कारखान्यात उमेदवारी. ती पुरी केल्याशिवाय पदविका हातात पडत नसे. बाबांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. “कारखान्यानं घेतलं तर पुढं जा. नाही घेतलं तर मुकाट्यानं टायपिंगच्या क्लासला जायचं. मग एक शब्द ऐकून घेणार नाही.” मी हो म्हटलं. अठराव्या वर्षी दोन वर्षं म्हणजे फार लांबची गोष्ट वाटते. पुण्यातल्या एकाही कारखान्यानं आजवर मुलीला लाकडाच्या खात्यात घेतलेलं नाही, ही माहिती बाबांनी आधीच काढून ठेवली होती.

प्राचार्य भले गृहस्थ होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समजावलं, की मुलींनी ड्रॉइंग करावं, डिझाइन करावं, पॉलिश करावं. यंत्रांच्या आणि जड कामाच्या वाटेला जायची सक्ती नाही. आमचे वर्कशॉपचे सर शेजारीच उभे होते. बुटके, काळेसावळे, कानावर कायम पेन्सिल. त्यांनी विचारलं, “मग पदविकाही अर्धीच द्यायची का, साहेब?”

प्राचार्य म्हणाले, तसं कसं करता येईल.

“मग पूर्ण शिकवतो,” सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “ओढणी घरी ठेवायची. वेणी वर बांधायची. आणि उद्यापासून पँट.”

पँट माझ्याकडे नव्हती. आईनं संध्याकाळी बाबांची जुनी खाकी पँट काढली, कमरेत आत घेतली, पाय आखूड केले आणि धाडधाड मशीन मारून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी ती पँट माझ्या अंगावर ओळखली. त्यांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं.

सरांचा हिशोब जगाच्या उलटा होता. खूश असले की ‘तू’ म्हणायचे आणि रागावले की ‘आपण’. उशिरा येणाऱ्याला, “आपण आलात, फार उपकार झाले.” सांध्यात फट राहिली की, “ही आपण वाऱ्यासाठी ठेवलीय का?” त्या काळी सांध्यांना अजून जनावरांच्या कातड्याचा सरस वापरायचे. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून तो मंद शेगडीवर शिजवावा लागे. रंग थेट चहाचा, आणि वास विचारू नका. शेगडीच्या वर सरांनी खडूनं लिहून ठेवलं होतं: ‘हा चहा नाही. शंका असल्यास पिऊन पाहावा.’ मी पेठेत वाढलेली, त्यामुळे असल्या बोलण्याची मला सवय होती. खेड्यांतून आलेली मुलं मात्र पहिले काही दिवस बावरून असायची.

पहिले तीन महिने आम्ही नुसता रंधा मारला. एक फळी घ्यायची आणि सपाट करायची, बस. झाली असं वाटलं की सर तिच्यावर काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या उभा टेकवून खिडकीकडे धरत. गुण्या आणि फळी यांच्यामधून उजेड दिसला की फळी परत. माझ्या फळीतून कित्येक दिवस सूर्यनारायण रोज दर्शन देत होते. दंड असे भरून यायचे की घरी जाताना सायकलचं हँडल धरवत नसे. काचपेपरनं घासून चूक लपवायची सोय नव्हती, कारण पहिलं वर्षभर काचपेपरला बंदी होती. “आधी तोंड धुवायला शिका,” सर म्हणायचे, “पावडर नंतर.”

आणि एका सकाळी रंध्यातून सालपट निघालं ते अखंड निघालं, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. रंध्याचा आवाजच बदलला. इतके दिवस तो खरडत होता, आता सळसळला. सर पार दुसऱ्या टोकाला कुणाची तरी करवत बघत होते. मान न वळवता ते तिथूनच म्हणाले, “आता आलं. पातं असंच ठेव, हलवू नकोस.” कोणाच्या हाताखालून तो आवाज आला हे त्यांना न बघता कळलं होतं, आणि मला पहिल्यांदा ‘नकोस’ म्हटलं होतं. मला इतका आनंद झाला की मी ते सालपट घडी करून पँटच्या खिशात घातलं. घरी पोचेपर्यंत त्याचा चुरा झाला होता.

यंत्रांवर जायला लागलो तेव्हा सरांनी एक रिवाज सुरू केला, म्हणजे तो त्यांच्याकडे पहिल्यापासून होता, आम्ही त्यात सामील झालो. सुटायच्या आधी सगळ्यांनी रांगेनं उभं राहून हात बाकावर पालथे ठेवायचे. सर या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जात. “दहा. दहा. दहा. नखं कापा. दहा.” शेवटी स्वतःचे हात ठेवून म्हणत, “हेही दहा. जा आता घरी.” आयुष्यभर फिरत्या करवतीवर काम केलेला माणूस, आणि दहाही बोटं शाबूत. त्यांच्या नावापुढं पदवी नव्हती. ते बोटं दाखवायचे. मला त्यात गंमत वाटायची आणि आदरही वाटायचा, आणि तो आदर अजून तसाच आहे.

माझ्या शेजारच्या बाकावर वारज्याचा एक मुलगा होता. वारजे तेव्हा सरळसरळ गाव होतं. घरी शेती, भाऊ पुष्कळ, म्हणून हा इकडे आलेला. पहिल्या आठवड्यात तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. दुसऱ्या आठवड्यात मला ताई म्हणाला आणि त्यानंतर गप्प बसेना. बाकीची मुलं बरीचशी सुतारांच्या घरची. मी घाम गाळून जे शिकत होते ते त्यांनी घरात बघतबघत उचललेलं होतं. त्यांनी मला कधी हिणवलं नाही. सर हिणवायला पुरेसे होते.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं हात असलेली एक खुर्ची करायची, सागवानी, आणि तिच्यावर सगळं ठरायचं. वर्षअखेरीला कारखान्यांचे लोक येऊन खुर्च्या बघत आणि आपापले उमेदवार निवडत. हडपसर रस्त्यावरच्या एका फर्निचरच्या कारखान्याच्या मॅनेजरांना सरांनी गाठून सांगितलं होतं, की एका मुलीची खुर्ची बघायला लागेल. मॅनेजर बघतो म्हणाले. बाकी सगळ्यांनी तोंडावर नाही म्हटलं होतं, तेव्हा माझ्या हाती हा एकच कारखाना होता. इथं नाही जमलं तर अप्पा बळवंत चौकाजवळचा टायपिंगचा क्लास. बाबांनी तिथं चौकशीही करून ठेवली होती.

खुर्चीत सगळ्यात अवघड काय, तर डावी आणि उजवी बाजू. दिसायला सारख्या, पण एक दुसरीच्या आरशातली. पुढचा पाय, मागचा तिरका पाय, वर हात, आणि पायांच्या आतल्या अंगाला चौकोनी खाचा. त्या खाचांत आडव्या पट्ट्यांची टोकं बसली की दोन्ही बाजू एकमेकींना धरून उभ्या राहतात. म्हणून सरांचा नियम होता: जे जोडीनं असतं ते जोडीनं आखायचं. दोन्ही बाजूंचे पाय शेजारीशेजारी ठेवायचे, आतल्या अंगांवर पेन्सिलनं खुणा करायच्या, मगच रेघा मारायच्या. एकेकटं आखलं की घात.

मी जोडीनंच आखत होते. नेमके तेव्हा प्राचार्य पाहुणे घेऊन आले. मुंबईहून कोणीतरी अधिकारी, त्यांच्या पत्नी आणि एक फोटोग्राफर. “ही आमची लाकूडकाम करणारी मुलगी,” असं प्राचार्य माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. अधिकाऱ्यांच्या पत्नीनं विचारलं, हात खरखरीत नाही का होत? मी म्हटलं, होतात. फोटोग्राफरला मी रंधा मारताना हवी होते. माझं रंध्याचं काम महिन्यापूर्वी संपलं होतं, पण त्यानं माझ्या हातात रंधा दिला, बाकावरचे पाय उचलून बाजूला केले आणि हसायला सांगितलं. मी हसले नाही, तरी त्यानं फोटो काढला. मंडळी गेल्यावर मी पाय परत जागेवर ठेवले आणि धुसफुसत पुढं आखायला लागले. लाकूड हातातून गेलं की परत ठेवताना आधी खुणा बघायच्या असतात. माझ्या डोळ्यांपुढं ती पाहुणीबाई होती.

खाचा पाडल्या, दोन्ही बाजू जोडल्या, सरस लावून शिकंज्यात आवळल्या. दोन दिवसांनी आडव्या पट्ट्या बसवायला दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या केल्या, तर एकीच्या खाचा आत बघत होत्या आणि दुसरीच्या बाहेर. वारज्याचा मुलगा हातातलं काम टाकून आला. त्यानं दोन्ही बाजू फिरवून बघितल्या, उलट्यासुलट्या करून बघितल्या.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “ह्या दोन्ही डाव्याच हायेत.”

आमच्या धंद्यात ही चूक इतकी जुनी आहे की तिला हसायचीही पद्धत ठरलेली असते. पण त्या दिवशी वर्गात कोणी हसलं नाही. लाकूड प्रत्येकाला एका खुर्चीपुरतंच मिळे. मॅनेजर पंधरवड्यात येणार होते. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही. सर आले, त्यांनी दोन्ही बाजू बघितल्या आणि म्हणाले, “दोन डाव्या पायांचं गिऱ्हाईक शोधलंय का आपण?” मग मी आणखीच रडायला लागले, तेव्हा ते स्टूल ओढून बसले.

मार्ग त्यांच्याकडे होता. चुकीच्या बाजूच्या चार खाचा लाकडाचं ठिगळ मारून बुजवायच्या आणि आतल्या अंगानं नव्या पाडायच्या. मी डोळे पुसून म्हटलं, उरलेल्या तुकड्यांतलं सागवान घेते, रेषेला रेष जुळवते, कोणाला दिसणारही नाही.

“जुळेल,” सर म्हणाले. “तुझा हात आता तेवढा झालाय. पण मी असतो तर शिसम घेतलं असतं.”

“अहो सर, शिसम काळं! सागवानावर चार काळे चौकोन, ते पण बाहेरच्या अंगाला!”

“हो. लांबून दिसतील.” त्यांनी कानावरची पेन्सिल काढून बाकावर आडवी ठेवली. “हे बघ, तो माणूस खुर्ची बघायला येत नाहीये. तो खुर्चीत खोट बघायला येतोय, म्हणजे मला तोंडावर नाही म्हणायला नको. तू लपवलंस आणि त्याला सापडलं, तर त्याचं काम झालं. तू आधीच दाखवलंस, तर त्याला दुसरं काहीतरी शोधावं लागेल. काय शोधतो ते मला ऐकायचंय.”

मला ते अजिबात पटलं नाही. मी दोन दिवस त्यांच्यावर रुसून होते. घरी आईला सगळं सांगितलं तेव्हा ती कणीक मळता मळता म्हणाली, “फाटलेलं रफू करून देणारे पुष्कळ असतात. सांगून देणारा एखादाच.” तिसऱ्या दिवशी मी जाऊन शिसमाचा तुकडा मागितला. एकदा ठरवल्यावर मात्र मी ती चार ठिगळं अशी घासूनपुसून बसवली की नखाला कड लागू नये. ते काम मी आयुष्यात केलेल्या उत्तम कामांपैकी एक आहे, हे मी लाजलज्जा सोडून सांगते.

मॅनेजर आले. उंच, गोरे, पांढरा सफारी. सगळ्या खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या. आमच्याकडे खुर्चीची परीक्षा घ्यायची पद्धत अशी, की स्टोअरकीपर तिच्यावर बसायचे. कॉलेजातले सगळ्यात वजनदार गृहस्थ ते, आणि या कामाचा त्यांना अभिमान होता. बसायचे, मागं रेलायचे, पुढचे दोन पाय जमिनीवरून उचलायचे आणि डुलायचे. तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखून ऐकायचं. सांधा कच्चा असला की खुर्ची कुरकुरते.

मॅनेजर माझ्या खुर्चीपाशी थांबले आणि सरळ चौकोनांवर बोट ठेवून म्हणाले, “ही काय नक्षी?”

“नक्षी नाही, चूक आहे,” मी म्हटलं. “मी दोन्ही डाव्या बाजू केल्या होत्या. खाचा बुजवून आतून नव्या पाडल्या.”

त्यांनी चौकोनांवरून अंगठा फिरवला, परत फिरवला. मग स्टोअरकीपर बसले. रेलले. डुलले. बाहेर रस्त्यावरून रिक्षा गेली ती ऐकू आली, खुर्ची ऐकू आली नाही. स्टोअरकीपर हौसेनं आणखी थोडे डुलले.

“सांधे चांगले आहेत,” मॅनेजर म्हणाले.

“मग घेताय ना?” सरांनी विचारलं.

मॅनेजरांनी रुमालानं चष्मा पुसला. “मास्तर, खरं सांगू का? काम चांगलं आहे, त्याबद्दल वादच नाही. पण आमच्या खात्यात दोनशे माणसं, आणि सगळी पुरुष. बाईमाणसासाठी आमच्याकडे संडासच नाही. दिवसभर काय करणार ती?”

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझं दोन वर्षांचं काम, आणि शेवटी बोलणं कुठं येऊन थांबलं तर तिथं, सगळ्या मुलांसमोर. मुलं खाली बघत होती. सरांचा चेहरा मात्र उजळला होता. त्यांना जे ऐकायचं होतं ते ऐकायला मिळालं होतं.

“म्हणजे अडचण विटांची आहे,” ते म्हणाले. “लाकडाची नाही. असं करू साहेब, विटांचं तुम्ही बघा. दार आम्ही करून देतो.”

मॅनेजर मोठ्यानं हसले. सर हसले नाहीत.

खुर्ची मी घरी आणली. बाबा तिच्यावर बसून पेपर वाचू लागले, आणि चार दिवसांनी म्हणाले, “पाठीला बरी आहे.” आमच्या घरात याहून मोठं कौतुक कोणी केल्याचं मला आठवत नाही. पण टायपिंगच्या क्लासचं त्यांनी काही सोडलं नव्हतं. नवा वर्ग जूनमध्ये सुरू होणार होता, आणि माझ्या हातात उमेदवारी नव्हती.

इकडे सरांनी सुटीच्या दिवशी हडपसरच्या रस्त्याला सायकल काढायला सुरुवात केली. मला नेत नसत. टेपचं दुसरं टोक धरायला वारज्याच्या मुलाला नेत, आणि तो येऊन मला साग्रसंगीत नक्कल करून दाखवायचा.

“ताई, आज पन गेल्तो. सर म्हनले, दाराचं माप घ्यायला आलोय. मॅनेजर म्हनले, अहो मास्तर, भिंतच न्हाई तर माप कशाचं घेताय? सर म्हनले, बरं बरं, भिंत कधी व्हतीय तेवढं सांगा, तवा येतो. आन् चहा पिऊन आलो.”

पुढच्या आठवड्यात परत तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. सर कधी भांडले नाहीत, कधी विनंती केली नाही. फक्त टेप घेऊन जायचे आणि माप मागायचे. कारखान्यातल्या लोकांना ते पाठ झालं होतं. सर फाटकात दिसले की कोणीतरी आतून ओरडायचं, “आले, दारवाले आले!” मॅनेजर वैतागले, की शरमले, की त्यांना मनातून माणूस आवडायला लागला, मला ठाऊक नाही. एप्रिलच्या अखेरीला वारज्याचा मुलगा धापा टाकत आला आणि कागदाचा चिटोरा माझ्या बाकावर आपटून म्हणाला, “घ्या, माप! विटा पडल्यात ताई, माझ्या डोळ्यांनं बघून आलोय!”

दार मी केलं. चौकट सागाची, मध्ये उभ्या फळ्या, आतून कडी. पहिल्या दिवशी मी तोंड वाकडं करूनच कामाला लागले. खुर्चीवर वाहवा मिळवलेला माझा हात, आणि तो संडासाच्या दाराला लावायचा! सरांनी माझं तोंड बघितलं. “आपल्याला आवडत नसेल तर राहू द्या,” ते म्हणाले. मी तोंड सरळ केलं.

ऐन वैशाख होता. मी दार मापाला घट्ट धरून केलं होतं. सरांनी दोन्ही कडांना आणखी रंधा मारायला लावला, इतका की दार चौकटीत सैल वाटायला लागलं. मी म्हटलं, सर, लोक म्हणतील हिला माप घेता येत नाही. ते म्हणाले, “मे महिन्यात म्हणू देत. श्रावणात तुझं दार फुगून अडकलं आणि तू आत असलीस, तर काय म्हणतील त्याचा विचार कर.” मी मुकाट रंधा उचलला. इतक्या लांबचा आणि इतका साधा विचार माझ्यासाठी त्याआधी कोणी केला नव्हता.

जूनमध्ये मी उमेदवारीला लागले. वर्ष सोपं नव्हतं. फोरमन पहिले दोन महिने मला खिळे निवडायला द्यायचे. मी निवडलेले खिळे डब्यांत लावून ठेवायचे आणि परत काम मागायला जायचे. माप मागायला कसं जायचं ते मी बघितलेलं होतं. तिसऱ्या महिन्यात कंटाळून त्यांनी मला टेबलांच्या पायांवर घातलं. वर्षअखेरीला पदविका मिळाली आणि कारखान्यानं मला ठेवूनही घेतलं. बाबांनी टायपिंगचं नाव परत काढलं नाही. काकांना मात्र आईनं मुद्दाम चहाला बोलावलं, आणि दुसरा कप स्वतः ओतला.

पण त्या खात्यात मी एकटीच होते, आणि हे एकटेपण मी कोणाला सांगितलं नाही. दारापर्यंत जायचं तर फळ्यांच्या थप्प्यांमधून, सगळ्या बाकांसमोरून जावं लागे. मी निघाले की करवतीही जरा थबकल्यासारख्या वाटत. काही जण त्याला ‘बाईंचा महाल’ म्हणत, माझ्या कानावर येईल अशा बेतानं. दार एका बोटानं बंद व्हायचं, श्रावणातसुद्धा. आत गेले की मी कडी लावून क्षणभर नुसती उभी राहायचे. वर्षं गेली. त्या दाराला माझ्याशिवाय दुसरा हात लागला नाही, आणि कधी कधी वाटायचं, सर एवढे खेटे घालून शेवटी एका माणसाची सोय करून गेले.

एका सकाळी मी नेहमीसारखी तिथं गेले आणि दार ढकललं, तर हललं नाही. मला वाटलं फुगलं. दिवस थंडीचे होते, फुगायचं कारण नव्हतं. पुरुषांपैकी कोणी घुसलं असेल म्हणून माझं डोकं फिरलं आणि मी दारावर थाप मारली. आत बांगड्या वाजल्या. पॉलिशच्या खात्यात दोन नव्या बायका घ्यायचं चाललं आहे असं मी ऐकलं होतं, पण त्यांचा दिवस आजचा हे माझ्या लक्षात नव्हतं.

“कोन हाय?” आतून घाबरलेला आवाज आला. “थांबा हो जरा, आलेच मी!”

मी दारापासून मागं सरकले, फळ्यांच्या थप्पीला टेकले आणि डोळ्यांतलं पाणी पुसलं. मग बाहेरून म्हटलं, “सावकाश होऊ द्या.”